नरारा हा ‘पॉइंट’ नव्हे

द्वारका-सोमनाथाच्या सहलींचे वृत्तान्त आपल्या मंडळांच्या स्मरणिकांतून वर्षानुवर्षे छापून येत आहेत. अलीकडे त्यांत एका वाक्याची भर पडलेली दिसते. ‘येताना वाटेत नरारा पॉइंटही झाला’ अशा धर्तीचे ते वाक्य असते आणि त्याच्या पाठोपाठ बहुधा ‘रंगीबेरंगी सागरी जीवन पाहून सारे थक्क झाले’ असे दुसरे. यातले ‘झाला’ हे क्रियापद फार बोलके आहे. जेवण झाले, दर्शन झाले, नरारा झाला. प्रस्तुत लेख त्या ‘झाला’विरुद्ध आहे. ज्यांनी या सहली हौसेने आखल्या त्यांना तो रुचणार नाही, याची पूर्ण कल्पना ठेवूनच तो लिहिला आहे.

कच्छच्या आखाताचा दक्षिण किनारा, म्हणजे ओख्यापासून जोडियापर्यंतची पट्टी, १९८० साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाली. तिच्यातला सुमारे १६३ चौरस किलोमीटरचा भाग १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाला. देशातले हे पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. बेचाळीस बेटे, त्यांना वेढणारी खारफुटी, चिखलाची मैदाने आणि प्रवाळाचे कट्टे असा त्याचा पसारा आहे. भारतात प्रवाळाची मोठी ठिकाणे चारच: लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि हे कच्छचे आखात. पहिल्या तीन ठिकाणी प्रवाळ पाहायचा तर बहुधा पाण्यात उतरावे लागते, किंवा काचेच्या तळाच्या होडीतून वाकून बघावे लागते. वाडीनारजवळच्या नराऱ्याला मात्र माणूस ओहोटीच्या वेळी पायी चालत प्रवाळापर्यंत पोहोचतो. या जागेचे भाग्य ते हेच, आणि दुर्दैवही हेच.

ओहोटी पुरती लागली की समुद्र इतका मागे सरतो की क्षितिजाशी त्याची केवळ एक रेघ उरते. किनाऱ्याकडची तिवरांची झाडी मागे टाकली की आधी घोट्याएवढा चिखल लागतो, मग वाळू, मग खडबडीत सपाट खडक. त्या खडकात जागोजाग पाण्याची डबकी अडकून राहिलेली असतात. प्रथमदर्शनी हे सारे करड्या रंगाचे दिसते आणि दूरवरून आलेला माणूस किंचित हिरमुसतो. चित्रातला प्रवाळ त्याच्या डोळ्यांपुढे असतो. येथे तर शेवाळ चढलेले धोंडे. पण एखाद्या डबक्यापाशी उकिडवे बसून पाणी निवळू द्यावे. ज्याला धोंडा समजलो त्याच्या अंगावर मेंदूच्या घड्यांसारखी नक्षी आहे असे ध्यानात येते. शेजारी समुद्रफुलाचे झुबके पाण्याबरोबर डुलत असतात. रिकामा म्हणून दुर्लक्षिलेला शंख चालू लागतो, कारण त्यात खेकडा बिऱ्हाड करून आहे. तळाच्या वाळूचाच एक तुकडा सरकतो आणि तो वाळूचा तुकडा नसून मासा आहे हे कळते. हे सारे दिसायला पंधरा मिनिटे लागतात. आमच्या सहलींपाशी ती पंधरा मिनिटे नसतात, आणि तेथूनच सारा अनर्थ सुरू होतो.

ज्याला वेळ नाही त्याला दाखवावे लागते, आणि झटपट दाखवायचे तर पकडावे लागते. केंड मासा ओंजळीत घेतला जातो. घाबरून तो चेंडूसारखा फुगतो आणि मंडळी टाळ्या वाजवतात. हे फुगणे म्हणजे त्याचा जीव वाचवण्याचा शेवटचा उपाय आहे. पाण्यात असताना तो पाणी गिळून फुगतो आणि ते सहज बाहेर टाकतो. उघड्यावर धरला तर हवा गिळतो, आणि ती हवा बाहेर टाकणे त्याला जड जाते. मग तो पोट वर करून तरंगत राहतो, तोवर आपण पुढच्या डबक्यापाशी पोहोचलेलो असतो. ऑक्टोपसाला बिळातून ओढून हातावर पसरले जाते, तो शाई सोडतो, पुन्हा टाळ्या. समुद्रकाकडीला फार छेडले तर ती स्वतःचे आतडे बाहेर टाकते. तो तिचा खेळ नसून अखेरचा बचाव आहे. दगड उलटे करून खाली काय आहे ते पाहिले जाते आणि ते तसेच उलटे टाकले जातात. दगडाच्या अंधाऱ्या, ओल्या अंगाला चिकटून राहणारे सारे जीव मग सौराष्ट्राच्या उन्हात तासाभरात वाळून जातात. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे असतात. प्रत्येकाने एकच दगड उलटला असे धरून हिशेब करावा.

आणि पाय? प्रवाळाचा तो धोंडा म्हणजे हजारो चिमुकल्या जीवांची वसाहत आहे. त्या जीवांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न शिजवते आणि यजमानाला पोसते. यजमान त्या बळावर चुन्याचे घर बांधतो. असा गोलसर प्रवाळ वर्षाला फार तर सेंटिमीटरभर वाढतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. आपल्या टाचेखाली जो हातभर धोंडा येतो तो आपल्यातल्या कित्येकांहून वयाने मोठा असण्याचा संभव आहे. देवळात वडीलधाऱ्यांच्या पायाला पाय लागला तर आपण हात छातीशी नेऊन नमस्कार करतो. येथे त्यांच्या डोक्यावर उभे राहून छायाचित्र काढतो. (काही भगिनी तेथे मंगळाच्या अंगठीसाठी पोवळे शोधतात, हे येथेच सांगितलेले बरे. अंगठीतले लाल पोवळे भूमध्य समुद्राकडचे. या आखातातल्या प्रवाळाशी त्याचा तसा संबंध नाही. शिवाय येथला मेलेला तुकडासुद्धा उचलणे हा गुन्हा आहे.)

गुन्हा हा शब्द जपून वापरला आहे. दगडी प्रवाळ, समुद्रकाकडी आणि समुद्रघोडा यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवले. गीरमधल्या सिंहाच्या शेपटीला हात लावण्याची कल्पना कोणी करत नाही; तेथे भीती आपले काम चोख करते. नराऱ्याला भीती नाही, म्हणून कायदाही आठवत नाही.

जामनगरजवळचेच खिजडिया घ्या. नवानगरच्या जामसाहेबांच्या काळात तेथे समुद्राचे खारे पाणी अडवण्यासाठी बांध घातले गेले. त्यामुळे एका बाजूला गोडे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारे, असे नवल तयार झाले. २०२२ साली त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तेथे जाणारी आपलीच मंडळी किती सभ्यपणे वागतात! बांधावरच्या वाटेने हळू चालतात, कुजबुजत बोलतात, दुर्बीण एकमेकांच्या हाती देतात, रोहित पक्ष्यांचा थवा उडाला तर ‘उगाच उठवले’ म्हणून हळहळतात. त्याच मंडळींनी दुसऱ्या दिवशी नराऱ्याला केंड फुगवलेला असतो. एकाच माणसाचे हे दोन अवतार कशामुळे? माझे उत्तर असे आहे की पक्षी उडून जातो, म्हणून आपण त्याच्याशी नीट वागतो. समुद्रकाकडी पळू शकत नाही आणि ओरडूही शकत नाही. आपला सारा निसर्गप्रेमाचा शिष्टाचार समोरच्या जीवाच्या पंखांवर उभा आहे, आणि यात आपल्या सुसंस्कृतपणाला मिरवण्यासारखे काही नाही.

आता कोणी विचारील, बडोद्याच्या मराठी माणसाने या आखाताची एवढी उठाठेव का करावी? वनखाते आहे, गुजरात सरकार आहे. मला वाटते, त्या किनाऱ्याशी दुसऱ्या कुठल्याही मराठी समाजाहून आपला संबंध जवळचा आहे आणि तो आपण विसरलो आहोत. द्वारका, बेट आणि ओखा मिळून होणारे ओखामंडळ हे बडोदे संस्थानाचे होते. (ते आनंदाने आपले झाले असे मात्र नाही, तेथल्या वाघेरांनी सत्तावन्नच्या धामधुमीत गायकवाडी अंमलाविरुद्ध शस्त्र धरले होते. पूर्वजांचे गुणगान करताना हेही ठाऊक असावे.) नरारा नवानगरच्या हद्दीत होता, ओखामंडळ गायकवाडांच्या, पण आखाताच्या पाण्याला या हद्दी ठाऊक नव्हत्या.

या ओखामंडळाच्या किनाऱ्यावर १९०५-०६ साली जेम्स हॉर्नेल नावाच्या शास्त्रज्ञाने बडोदे सरकारसाठी समुद्रजीवांची पाहणी केली. हे गृहस्थ पुढे मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे संचालक झाले. पाहणीमागचा हेतू व्यवहारी होता. मोत्यांच्या कालवांपासून, शंखांपासून संस्थानाला उत्पन्न होईल काय, हा प्रश्न होता. पण हाती आले ते कितीतरी अधिक. ओखामंडळच्या सागरी प्राणिजीवनावरील त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली आणि दुसरा १९१६ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. एकेका प्राणिगटावर त्या त्या विषयाच्या जाणकाराने लिहिले. स्पंजांवर आर्थर डेंडी यांच्यासारख्या पंडिताने. ज्या काळी हिंदुस्थानातल्या बहुतेक संस्थानिकांना समुद्र म्हणजे बंदराची जकात एवढेच ठाऊक होते, त्या काळी बडोद्याच्या खजिन्यातून स्पंजांची जंत्री करण्यासाठी पैसा निघाला.

आणि योगायोग असा की अहवालाचा पहिला भाग निघाला त्याच १९०९ साली मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले, आणि त्याचे अध्यक्ष होते लेफ्टनंट कर्नल कान्होबा कीर्तिकर: पेशाने डॉक्टर, छंदाने कवी आणि विद्येने वनस्पतिशास्त्रज्ञ. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आजही वैद्यकाचे अभ्यासक उघडतात. वनस्पतींची वर्गवारी करणारा माणूस साहित्य संमेलनाच्या खुर्चीवर बसला आणि कोणाला ते विपरीत वाटले नाही. निरीक्षण हा लेखनाचाच भाग आहे, अशी तेव्हाची समजूत असावी. आज आपल्या संमेलनांच्या व्यासपीठावर निसर्ग येतो तो ‘कुशी’, ‘किमया’ आणि ‘मुक्त उधळण’ या तीन शब्दांच्या खांद्यावरून. सहलवृत्तान्तातले ‘रंगीबेरंगी सागरी जीवन’ हा त्याच दारिद्र्याचा नमुना आहे. सारा वृत्तान्त वाचून एकाही जीवाचे नाव कळत नाही. द्वारकेला कोणत्या भोजनालयात कढी चांगली मिळाली ते मात्र कळते.

सयाजीरावांच्या जयंतीला आपण पुतळ्याला हार घालतो आणि त्यांच्या द्रष्टेपणावर भाषणे देतो. कामाटीबागेतल्या संग्रहालयात महीच्या मुखाशी १९४४ साली वाहून आलेल्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घराने तो नातवंडांना दाखवला आहे. पण हॉर्नेलचा अहवाल आपल्यापैकी किती जणांनी हाती धरला? त्यातल्या निदान प्रवाळ, शंख आणि कालवे या भागांचा मराठी सारांश करावा, असे शंभर वर्षांत एकाही मंडळाला सुचलेले माझ्या पाहण्यात नाही. वारसा मिरवायचा असेल तर तो वाचावाही लागतो.

माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप येतात, त्यांतला सर्वांत वजनदार असा: आखाताचा नाश केला तो कारखान्यांनी, आमच्या चार पावलांनी असे काय बिघडणार? यातला पहिला अर्धा खरा आहे. एके काळी सिमेंटसाठी प्रवाळी वाळू याच आखातातून उपसली जात होती. वाडीनारच्या समुद्रात तेलवाहू जहाजे लागतात. १९९९ पासून जामनगरजवळ प्रचंड तेलशुद्धीकरण चालले आहे. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सागरी अभयारण्यातून आणखी एका तेलनळाची वाट मोकळी झाली. वर तापत्या समुद्राचे संकट आहेच. एप्रिल २०२४ मध्ये जगभरच्या प्रवाळांवर पांढरे पडण्याची चौथी मोठी लाट आल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. हे सारे मान्य. पण वाडीनारहून निघालेल्या तेलाचा एक नळ विरमगामवरून आपल्या कोयलीपर्यंत येतो, आणि आपली सहलीची बस ज्या डिझेलवर धावते ते कोयलीसारख्या ठिकाणीच तयार होते. तेव्हा कारखान्यांकडे बोट दाखवताना आपण त्यांच्या गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे आहोत, हे ध्यानी असावे. शिवाय ज्याला आधीच ताप भरला आहे त्याच्या अंगावर पाय देऊन चालणे हे तापाने कसे समर्थनीय ठरते, हे मला कळलेले नाही.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे. तेथल्या वाटाड्यांचे पोट या दाखवण्यावर चालते. ते कसे तोडायचे? ते तोडावे असे मी म्हणतच नाही. वाटाड्या जे पकडून दाखवतो ते गिऱ्हाईक मागते म्हणून. ‘इतके पैसे दिले आणि ऑक्टोपसही दिसला नाही’ ही कुरकुर मी आपल्याच मंडळींच्या तोंडून ऐकली आहे, तीही शुद्ध पुणेरी मराठीत. या कुरकुरीमुळे त्या माणसाला बिळात हात घालावा लागतो. त्याला आधीच सांगावे की आम्हाला काहीही हातात नको, डबक्यापाशी बसू दे आणि नाव सांग; त्याबद्दल चार पैसे अधिक घे. ज्याने आयुष्य या चिखलात काढले आहे त्याला आपल्या पुस्तकांहून कितीतरी अधिक ठाऊक असते. तिवराला तो ‘चेर’ म्हणतो. त्याच्या ‘ओट’मध्ये आणि आपल्या ‘ओहोटी’त फरक तो किती! दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी तरी हे शब्द टिपून घ्यायला हवेत.

मुलांना हातात दिल्याशिवाय कळत नाही, हा तिसरा आक्षेप. मुलांना जे कळते ते एवढेच, की जिवंत वस्तू ही करमणुकीसाठी उचलायची असते. यापलीकडे त्यावर बोलण्याची माझी इच्छा नाही.

गर्दी आता वाढणारच आहे. शिवराजपूरच्या पुळणीला २०२० साली ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओखा आणि बेट द्वारका यांना जोडणारा सुदर्शन सेतू खुला झाला. पूर्वी बेटाला जायचे तर फेरीबोटीची वाट पाहावी लागे आणि जितकी माणसे बोटीत मावतील तितकीच पोहोचत. आता मोटार थेट देवळाच्या गावात जाते. यात्रेकरूंची, विशेषतः वृद्धांची सोय झाली, याचा आनंदच आहे. पण बेटाभोवतीही हेच प्रवाळ आणि हीच खारफुटी आहे, आणि पुलावरून उतरणारा प्रत्येक जण दर्शनानंतर किनाऱ्याकडे वळणार. नराऱ्याला जे चालले आहे ते तेथेही होणार की नाही, हे पुढच्या चार-पाच वर्षांत ठरेल.

म्हणून मंडळांच्या कार्यकारिणींपुढे एक मागणी ठेवतो. नरारा सहलीच्या कार्यक्रमातून सरसकट काढून टाकावा असे मी म्हणत नाही. तो ‘वाटेतले ठिकाण’ म्हणून ठेवू नये. जायचे तर त्यासाठीच जावे, दहा-बाराच्या तुकडीने जावे, वनखात्याच्या परवान्याची व्यवस्था आधी करावी. धोंड्यांवरून न चालता मधल्या वाळूच्या पट्ट्यांतून चालावे, ओंजळ रिकामी ठेवावी, उचललेला दगड जसा होता तसा परत ठेवता येत नसेल तर उचलूच नये. हिवाळ्यात गेल्यास खेकडे टिपणारे काळे-पांढरे क्रॅब प्लोव्हर दिसतात. हे पाहुणे अरबस्तानाकडच्या किनाऱ्यांवर वाळूत बिळे करून अंडी घालतात आणि थंडीत या आखातात येतात. त्यांच्यापासून लांब बसावे.

तारीखही रविवार पाहून ठरवू नये. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, पाणी पुरते ओसरतच नाही. अशा दिवशी पोहोचलेल्या मंडळींना दिसते ते केवळ गढूळ पाणी, आणि मग ते ढवळून काहीतरी बाहेर काढायचा आग्रह सुरू होतो. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम. कोकणातून आलेल्या घरांत अजून कोणाला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची रीत आठवत असेल. ती मुंबई-रत्नागिरीकडे चालते, येथे चालत नाही, कारण आखातात आत शिरता शिरता भरतीला उशीर होत जातो. त्या जागेचे छापील कोष्टक मिळवावे, ओहोटीच्या तळाच्या दीड-दोन तास आधी मागे हटणाऱ्या पाण्याच्या पाठोपाठ चालू लागावे, आणि पाणी फिरले की वाटाड्या सांगेल त्या क्षणी परतावे. पुढच्या वर्षीच्या सहलीचे पत्रक दिवाळीनंतर निघेल. त्यात नराऱ्यापुढे ओहोटीची वेळ छापलेली नसली, तर वर्गणी भरण्याआधी सभासदांनी ती विचारावी.